हात टेकायचा नाही

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे पेन हातात आला तो रेशनच्या दुकानात सही करण्यापुरता. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागते, कारण माफी मागितल्याशिवाय मला बोलायला सुरुवातच करता येत नाही. एकदा बोलायला पाहिजे होतं तेव्हा मी बोलले नाही. त्याचं काय झालं ते लिहून ठेवते.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी नणंद सहा वर्षांची होती. तिची आई आधीच वारली होती, म्हणून ती माझ्याच कुशीत झोपायची आणि मला वैनी म्हणायची. आमचं गाव झरीच्या बाजूला. सासरे दुसऱ्याच्या शेतात सालावर असायचे. मालक, म्हणजे माझे यजमान, त्यांच्याबरोबर जायचे.

विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं त्या वर्षी आमच्या वस्तीवर माणसं चालून आली. दिवसाढवळ्या आली. परकी नव्हती. त्यातल्या दोघांच्या घरी सासऱ्यांनी दहा वर्षं औत हाकलं होतं. त्यांनी सासऱ्यांना वस्तीच्या मधोमध गुडघ्यावर बसवलं आणि दोन्ही हात जमिनीला टेकून चुकलं म्हण, म्हणून सांगितलं. सासऱ्यांनी हात टेकले. चिखल होता, पंजे मनगटापर्यंत आत गेले. मी नणंदेचे डोळे पदराने झाकले होते, पण तिनं सगळं पाहिलं असं ती मला नंतर म्हणाली. पावसाचे दिवस, छपरं ओली, ती पेटेनात. म्हणून त्यांनी आमच्याच घरातून रॉकेलचा डबा आणला.

आम्ही परभणीला आलो आणि स्टेशनच्या मागे एक खोली घेतली. मालकांना पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात शिपायाचं काम मिळालं. सासरे वर्षभरही जगले नाहीत. जेवायच्या आधी ते फार वेळ हात धुवायचे. पाणी संपायचं तरी चोळत बसायचे.

ते गेल्यावर मालकांनी घरात एक गोष्ट सांगून ठेवली. ओरडून नाही, साध्या आवाजात. म्हणाले, "आपल्या बापानं हात टेकले. काय मिळालं? घर जळालंच. आता आपल्यातलं कुणीबी कुणाम्होरं हात टेकायचा न्हाई." नणंद तेव्हा दहा वर्षांची होती. भाकरी खाता खाता तिनं मान हलवली. शेजारी बसून मीही हलवली.

तेरा वर्षांची झाल्यावर ती तो खेळ शिकायला लागली. लोक त्याला जपानी कुस्ती म्हणायचे. ज्युजुत्सु हे नाव मला नीट म्हणता यायला दोन वर्षं लागली. शिकवणारे सर पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, वयस्कर, हळू बोलणारे. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात वर्ग भरायचा. खाली अंथरायला गाद्या नव्हत्या. सरांनी दुसऱ्या चालू जिनिंगमधून कापसाचा कचरा मागून आणला होता, तो पोत्यांत भरून पोती एकमेकांना शिवायची होती. पोरींच्या घरात कुणाला दाभण चालवता येतं का, असं त्यांनी विचारलं. नणंदेनं माझं नाव सांगितलं. तेव्हापासून मी त्या गोदामात कोपऱ्याला बसून फाटलेली पोती शिवायला लागले. कुणी माझ्याशी बोलायचं नाही, मीही कुणाशी नाही. पण सगळं माझ्या डोळ्यांसमोर व्हायचं.

सर पहिल्या दिवशी पाडायला किंवा उचलायला शिकवत नसत. ते थोपटायला शिकवायचे. समोरच्यानं आपला हात धरून उलटा दाबला किंवा गळा आवळला, आणि आता सहन होत नाही असं वाटलं, की मोकळ्या हातानं खाली पोत्यावर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. थोपटलं की समोरच्यानं सोडायचं. त्यात लाज नाही, सर म्हणायचे, नुसतं पुरे असं सांगायचं असतं. लेकराला निजवताना थोपटतो तसं. पोरी हसल्या आणि सगळ्यांनी पोत्यावर हात आपटून पाहिले. धूळ उडाली.

माझ्या नणंदेनं आपटला नाही. ती हात मांडीवर ठेवून बसली. सरांना वाटलं, लाजते आहे. मी मात्र पोत्यातलं दाभण तिथंच थांबवलं.

पुढे दर दोन-चार दिवसांनी तेच व्हायचं. कुणीतरी तिचा हात पायांत अडकवून मागे ताणायचं. तिचा चेहरा लाल व्हायचा, मग पांढरा पडायचा, पण हात हलायचा नाही. शेवटी समोरचीच घाबरून सोडायची, नाहीतर सर धावत येऊन सोडवायचे. सोडल्या सोडल्या नणंद झडप घालून तिला खाली घ्यायची. ती जिंकायची ती अशी. पोरी म्हणायच्या, "तुझा हात लाकडाचा हाय का गं?"

ती म्हणायची, "लाकूड जळतंय. माहा हात न्हाई जळत."

पोरी हसायच्या. मला हसू यायचं नाही.

एका रविवारी दुपारी मालकांनी तिला विचारलं की तिथं नक्की काय शिकवतात. तिनं दाखवलं. दादा, माहा हात असा धरा, इथं कोपराच्या वर पाय द्या, आता मागं वढा. मालकांनी हळूच ओढला. ती म्हणाली, आणखी. त्यांनी आणखी ओढला. मी चुलीपुढे होते. मला कोपरातून कट असा बारीक आवाज ऐकू आला. ती छपराकडे बघत होती. मालकांच्या कपाळावर घाम होता, पण तेही सोडेनात. जणू दोघंही कसली तरी वाट बघत होते. शेवटी तव्यावरची भाकरी करपली, तिचा धूर झाला आणि मालकांनी हात सोडला. "शाब्बास," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला होता की भीती वाटली होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून पीठ मळताना तिचा उजवा कोपर वाजायचा. मी तेल गरम करून चोळायचे. ती म्हणायची, कुणाला सांगू नका वैनी. मी सांगितलं नाही.

ती जिल्ह्यात जिंकली, मग औरंगाबादला, मग पुण्याला, मग दिल्लीला. अंगात घालायचा जाड अंगरखा विकत घ्यायला पैसे नव्हते. मी मांजरपाटाचे दोन थर घेतले आणि वाकळ शिवतात तसा बारीक धावदोरा घालून तो शिवला. दिल्लीला एकीनं तिला विचारलं म्हणे, हा कोणत्या देशातून आणला. हे सांगताना नणंद इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. वस्तीतले लोक तिचे कप बघायला यायचे, पोरांना दाखवायचे. मालक ऑफिसातून आले की ते कप धोतराच्या फडक्यानं पुसायचे. त्यांची मान ताठ झाली होती. ती ताठ राहावी असं मलाही वाटायचं. म्हणून मी गप्प होते.

ती वीस वर्षांची झाली तेव्हा मनिलाला जायचं पत्र आलं. फिलिपिन्स नावाचा देश, समुद्राच्या पलीकडे. राहायचा खर्च ते लोक करणार होते, पण विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. मालकांनी ऑफिसातून उचल घेतली, तरी पाच हजार कमी पडत होते. आमच्या गल्लीत एक मावशी राहायची. सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून ती निवृत्त झाली होती. एकटी होती. तिनं आपल्या फंडाचे पैसे बँकेतून काढून आणले आणि माझ्या हातावर ठेवले. कागद केला नाही, व्याज धरलं नाही. एवढंच म्हणाली, "हे माह्या म्हातारपणाचं हाय बाई. बुडवू नका." मी म्हणाले, बुडवणार नाही.

जायच्या आठ दिवस आधी सर घरी आले. मालक ऑफिसात होते, नणंद नळावर. सर आत आले नाहीत, दारातच उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता बोलले. म्हणाले, "बाई, ही पोरगी थोपटत नाही. इथं आम्ही सोडतो. तिथं परक्या बायका आहेत, त्यांना काय माहीत? त्या दाबत जातील, आणि ही गप्प राहील. हात जाईल तिचा. मी सांगून थकलो. ती फक्त तुमचं ऐकेल."

मी मान हलवली. सर गेले. मी दारात उभी राहिले ती नणंद घागर घेऊन येईपर्यंत.

त्या आठ दिवसांत मी रोज ठरवायचे. तेल चोळताना सांगू म्हणायचे, आणि तेल चोळून व्हायचं. मालकांशी बोलू म्हणायचे, तर ते कप पुसत बसलेले असायचे. त्यांना काय सांगणार होते? तुमच्या बापाच्या हाताची आणि या हाताची गोष्ट वेगळी आहे, हे? मला ते मनात कळत होतं, पण तोंडातून कसं काढायचं ते कळत नव्हतं. शेवटच्या दिवशी अंगरख्याची बाही उसवली. ती अंगात घालून बघत होती, उशीर झाला होता, म्हणून मी तशीच अंगावर शिवायला घेतली. अंगावर शिवू नये म्हणतात, आणि शिवलंच तर घालणारीनं दोरा तोंडात धरायचा असतो. तिनं नियमाप्रमाणे दोऱ्याचा तुकडा दातांत धरला. तिचं तोंड बंद होतं. तिला उलट बोलता आलं नसतं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "जपून खेळा बाई." दोरा तोडला आणि उठले.

स्टेशनवर सगळी वस्ती आली होती. गाडी हलताना मालक खिडकीबरोबर चालत गेले आणि म्हणाले, "बापाला ध्यानात ठेव. हात टेकू नको." तिनं आतून मान हलवली, दहा वर्षांची असताना हलवली होती तशीच. माझ्या हातात दशम्यांचं गाठोडं तसंच राहिलं होतं, द्यायचं विसरले होते. पळत जाऊन खिडकीतून आत टाकलं.

बारा दिवसांनी तार आली. दुपारची वेळ, मालक कामावर. पोस्टमन म्हणाला, इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. तो माझ्या तोंडाकडे न बघता सायकलवर बसला, तेव्हाच मला कळलं. मी तो कागद उलटासुलटा केला. मग मावशीकडे गेले. मावशीलाही इंग्रजी येत नव्हतं. तिनं चष्मा लावला आणि बोट एकेका शब्दावरून सरकवत नेलं. एका शब्दापाशी बोट थांबलं. तीस वर्षं रोज कामाला जाताना तो शब्द तिनं पाटीवर पाहिला होता.

"ह्यो दवाखाना हाय," ती म्हणाली.

बाकीच्या शब्दांत काय आहे ते आम्हाला दोघींनाही समजत नव्हतं. जिवंत आहे का, हे त्यात कुठं लिहिलेलं असतं? सर जिंतूर रोडला राहायचे. तिथपर्यंत मी चालत गेले. ऊन होतं, चप्पल घरीच राहिली होती. वाटेत दोन ओळखीच्या बायांनी विचारलं, काय झालं गं, तरी मी थांबले नाही. सरांनी तार वाचली आणि खाटेवर बसले. उजवा हात कोपरात मोडला, ऑपरेशन झालं, जिवाला धोका नाही. एवढं वाचून झाल्यावर सर म्हणाले, "तुम्ही बोलला होतात ना तिला?"

मी नाही म्हणाले.

ती महिन्याने परत आली. हात गळ्यात बांधलेला होता. मालक तिला आणायला स्टेशनवर गेले होते. घरात आल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "दादा, म्या हात टेकला न्हाई."

मालकांनी मान खाली घातली.

काय झालं ते तिनं मला नंतर थोडं थोडं सांगितलं. पहिल्या दोन कुस्त्या ती जिंकली. तिसरी तिथल्याच एका बाईशी होती. ती बाई पस्तिशीची, दोन लेकरांची आई, बाजारात मासे विकणारी. दहा-बारा वर्षं ती या खेळात होती, परदेशातही जाऊन आली होती. तिनं नणंदेचा हात पायांत धरला आणि मागे घेतला. नणंद छपराकडे बघत राहिली. ती बाई थांबली, मग थोडं आणखी दाबलं, मग हळूच कानाशी काहीतरी म्हणाली. तामा ना, तामा ना. नणंदेला वाटलं, शिवी देते आहे, म्हणून तिनं जोर करून हात सोडवायला अंग फिरवलं. तेव्हा आवाज झाला. ओरडली ती बाईच. नणंद ओरडली नाही.

तामा ना म्हणजे त्यांच्या भाषेत पुरे, हे तिला दवाखान्यात कळलं.

ती बाई रोज दवाखान्यात यायची. सकाळचा बाजार उरकून, डब्यात भात आणि मासा घेऊन. हाताला माशांचा वास असायचा. भाषा एकमेकींना येत नव्हती. आमच्या संघाबरोबर गेलेल्या एका बाईनं मधे बोलून दिलं. नणंदेनं विचारलं, तुम्ही कधी थोपटलं का? ती बाई हसली. दोन्ही हातांची बोटं दाखवली, परत दाखवली, परत दाखवली. मग म्हणाली, म्हणून तर अजून खेळते. आणि तिनं नणंदेचा डावा, धड असलेला हात आपल्या हातात घेतला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा आपटला. नणंदेनं हात ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं परत तसंच केलं. तिसऱ्या दिवशी नणंद रडली. घर जळालं तेव्हापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिथं परक्या बाईपुढं रडली.

हे सगळं ती मला सांगत असताना मालक दारात येऊन उभे होते. आम्हाला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "म्हंजे तिनं हात टेकायला लावला."

तेव्हा मी बोलले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, चुलीकडे बघूनच बोलले. "ते टेकणं नव्हं. मामांजींनी हात टेकले तवा समोरच्यांनी सोडलं न्हाई. तिथं सोडत्यात. थोपटलं की सोडायचंच, असा त्या खेळाचा कायदा हाय. मला म्हाईत होतं. सर सांगून गेल्ते. म्याच बोलले न्हाई."

मालक बाहेर जाऊन ओट्यावर बसले. त्यांनी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर त्यांनी कप पुसले नाहीत, आणि ती गोष्टही पुन्हा कधी काढली नाही.

नणंदेचा कोपर पुढे सरळ झालाच नाही. अर्ध्यावरच थांबतो. थंडी पडली की ती मधेच बोलायची थांबते, दात आवळते, आणि मग पुढचं बोलते. परत खेळायला गेली नाही. लग्नाच्या गोष्टी निघाल्या त्या दोन ठिकाणी हात बघून मोडल्या. दोन वर्षांनी सरांनी वर्ग तिच्या ताब्यात दिला आणि एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून तिला नोकरी लागली. गोदामात ती पहिले आठ दिवस पोरींना दुसरं काहीच करू देत नाही, नुसतं थोपटायला लावते. नवी पोरगी हट्टानं हात आखडून बसली, की ती स्वतः तिच्या शेजारी जाऊन बसते. अशी एक तरी दर वर्षी असतेच. ती दिसली की मी शिवणं थांबवते.

मावशीचे पैसे मी वाकळा शिवून फेडत होते. नोकरी लागल्यावर नणंद पगारातून द्यायला लागली. शेवटचे राहिले ते विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षापर्यंत. त्या दिवसांत परत गावोगावच्या जाळपोळीच्या बातम्या येत होत्या. एस. टी. बंद होत्या, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, गल्लीत पोलिसांची गाडी. पोरींच्या आया त्यांना वर्गाला सोडत नव्हत्या. झरीकडून कुणी आलं की मालक दारात जाऊन त्याला विचारायचे आणि परत येऊन बसायचे. बायका म्हणत होत्या, पैसे हातातून सोडू नका, परत निघावं लागलं तर काय. मावशी मात्र रोज दारात बसून असायची. तिला काही झालं तर पैसे राहून जातील, असं माझ्या मनात आलं. नणंदेला मी म्हणाले, आजच देऊन टाकू.

आम्ही दोघी गेलो. गल्लीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. नणंदेनं उजव्या हातानं नोटा पुढं केल्या. तो हात जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच गेला, म्हणून मावशीच बसल्या जागेवरून पुढं सरकली. तिनं नोटा घेतल्या आणि बोट ओलं करून दोनदा मोजल्या. मधेच गल्लीच्या तोंडाशी कुणाचीतरी पळण्याची चाहूल आली, तेव्हा ती थांबली. आम्ही तिघी ऐकत राहिलो. आवाज गेला. तिनं राहिलेल्या मोजल्या आणि म्हणाली, सगळे आले.